आठवी ते बारावीला सकाळी सातची शाळा नको
नाशिकच्या संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहरातील माध्यमिक शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपत आल्या की शाळांमध्ये पुढच्या वर्षाची जुळवाजुळव सुरू होते. तुकड्या किती, खोल्या किती, कोणाचे तास कोणाला द्यायचे, हे ठरत असतानाच एक प्रश्न चहाबरोबर उरकला जातो: सकाळच्या सत्रात कोण आणि दुपारच्या सत्रात कोण? हे पत्र त्या एका प्रश्नापुरतं आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पंचवटीत राहते. माझी विनंती अशी की आठवी ते बारावीच्या मुलांना सकाळी सातला वर्गात बसवणं या जूनपासून थांबवा.

८ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय तुम्हा सगळ्यांच्या फायलीत असेलच. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असं त्यात म्हटलं आहे. त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय जाहीर कार्यक्रमात काढला होता. सरकारी कागदावर मुलांच्या झोपेचा विचार व्हावा याचं मला कौतुकच वाटलं. पण तो विचार चौथीत येऊन थांबला. आपल्याकडे इमारत एक आणि सत्रं दोन. धाकटी मुलं सकाळच्या सत्रातून उठवली की त्या जागेवर कोणीतरी बसणारच, आणि बसायला मोठ्यांशिवाय दुसरं कोण आहे? काही शाळांत मोठ्यांची सकाळ आधीपासून होती, काही ठिकाणी ती या निर्णयानंतर आली. पालकसभेत त्यावर एकच उत्तर ऐकू येतं: "आता मोठी झाली ना, उठतील."

शरीराच्या हिशोबाने मात्र मोठं होणं म्हणजेच सकाळी उठणं अवघड होणं.

जन्मलेलं बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं आणि त्याला दिवस-रात्र कळत नाही. साधारण तिसऱ्या महिन्याच्या आसपास त्याच्या मेंदूतलं घड्याळ उजेड-अंधाराशी जुळायला लागतं आणि आईला सलग दोन-चार तास मिळू लागतात. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान दुपारची झोप सुटते. बालवाडीतल्या बाईंना विचारा, कोणत्या मुलाची सुटली आणि कोणत्याची अजून नाही, हे त्या डबा खाण्याच्या सुट्टीनंतर पाच मिनिटांत सांगतील. इथपर्यंतच्या पायऱ्या आपण समजून घेतो. कुणीही दीड वर्षाच्या मुलाला दुपारी झोपतो म्हणून आळशी म्हणत नाही.

नंतर येतात सहा ते दहाची वर्षं. झोपेच्या दृष्टीने माणसाच्या आयुष्यातला हा सगळ्यात सरळ काळ. रात्री लवकर डोळे मिटतात, सकाळी कोणी न उठवता उघडतात आणि दिवसभर मूल टक्क जागं असतं. सुट्टीच्या दिवशी सहालाच उठून आई-बापाच्या अंगावर उड्या मारणारं मूल या वयाचं. यांची गरज ९ ते १२ तासांची, म्हणजे ती आठ-नऊला झोपायला हवीत, आणि आपल्या घरांत ती झोपत नाहीत. म्हणून शासनाने त्यांची सकाळ सैल केली हे योग्यच. पण सकाळी लवकर उठणं ज्यांना मुळातच सोपं जातं, अशी मुलं शाळेत कोणती असतील, तर ती हीच.

खरा बदल पाचवी ते आठवीच्या मधे कुठेतरी होतो. मुली साधारण ८ ते १३ आणि मुलगे ९ ते १४ या वयात वयात यायला लागतात. सातवीच्या वर्गात उंचीप्रमाणे उभं करा, मागच्या टोकाला मुलीच मुली दिसतील, कारण त्यांची उंचीची झेप मुलग्यांच्या सुमारे दोन वर्षं आधी येते. हे सगळं कुठे सुरू होतं? झोपेत. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वयात येण्याचे पहिले संप्रेरक-इशारे रात्री मूल झोपलेलं असताना सोडू लागते. १९७० च्या दशकातच हे रक्त तपासून दाखवलं गेलं. दिवसा तेच मूल अजून लहान असतं, रात्री मात्र त्याचं शरीर मोठं व्हायला लागलेलं असतं. वाढीचं संप्रेरकही सगळ्यात जास्त स्रवतं ते रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत.

याच सुमारास शरीरातलं घड्याळ पुढे सरकू लागतं. मेलाटोनिन नावाचं संप्रेरक अंधार पडल्यावर शरीराला रात्र झाल्याची वर्दी देतं. वयात येणाऱ्या मुलांत ही वर्दी उशिरा येते, तासा-दोन तासांनी, काहींत त्याहूनही जास्त. दुसरीकडे, दिवसभर जागं राहिल्यावर झोपेचा जो भार साठत जातो, तोही या वयात सावकाश साठतो. आठ वर्षांचं मूल रात्री नऊला जेवता जेवता पेंगतं. पंधरा वर्षांचं मूल त्याच वेळी ताजंतवानं होऊन बसतं. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला साडेनऊला अंथरुणावर पाठवलं तरी तो छताकडे बघत पडून राहतो. त्याच्या आत अजून रात्रच झालेली नसते.

यावर कोणी म्हणेल, मोठ्यांना झोप कमी लागते. तसं आपल्याला वाटतं खरं, कारण ती कमी झोपताना दिसतात. अमेरिकेत मेरी कार्स्काडन या संशोधिकेने १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला उन्हाळी शिबिरात मुलांना ठेवून, हवं तेवढं झोपू देऊन हे मोजलं. वय वाढलं की झोप आपोआप घटेल अशी अपेक्षा होती. मोठी मुलंही रात्री नऊ तासांच्या आसपास झोपली. उलट तेवढं झोपूनसुद्धा दुपारी ती लहानांपेक्षा जास्त पेंगुळली. आज तज्ज्ञांची शिफारस १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तासांची आहे. तात्पर्य काय, तर गरज जवळपास तेवढीच राहते आणि झोप यायची वेळ पुढे सरकते. आपण मात्र उठायची वेळ मागे आणतो.

आणि हा सरकाव मोबाईलने आणला, हे मला मान्य नाही. मोबाईलने तो वाढवला, हे शंभर टक्के मान्य आहे. रात्रीचा उजेड घड्याळ आणखी पुढे ढकलतो, त्यात हातातली रील संपतच नाही. पण मुलांच्या हातात फोन नव्हते त्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाही संशोधकांना हे दिसलं होतं. वयात येण्याच्या टप्प्यात असलेल्या माकडांत आणि उंदरांतही ते दिसलं आहे, आणि उंदरांनी काही इन्स्टाग्राम उघडलेलं नाही. शिवाय रात्री दहाला फोन स्वतःहून बाजूला ठेवायला जो आवर लागतो, तो मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. तो भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी गाठावी लागते. झोप कमी पडली की पहिला ढिला पडतो तोही हाच. म्हणजे आपण आधी मुलाची झोप तोडतो आणि मग त्याला संयम नाही म्हणून ओरडतो.

जर्मनीतले टिल रोनेबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा जमवून २००४ मध्ये दाखवलं की ही उशिराची ओढ विशीच्या आसपास टोकाला पोचते, मुलींत साडेएकोणीसच्या सुमारास आणि मुलग्यांत एकविसाव्या वर्षाजवळ, आणि मग परत उतरू लागते. त्यांनी तर असं सुचवलं की पौगंडावस्था कुठे संपते याची खूण म्हणून हा उतार धरावा. माझ्यासारखी पासष्टी ओलांडलेली बाई पहाटे साडेचारला टक्क उठून बसते, त्यात माझं कर्तृत्व शून्य. तेव्हा "आम्ही कसे उठतो" हे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगण्यात काही हशील नाही. आपल्या दोघांची घड्याळं वेगळी आहेत.

आता नाशिकचा हिशोब. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, म्हणजे प्रयागराजजवळून जाणाऱ्या रेषेवरची. नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला, ७३.८ अंशांच्या आसपास. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या पस्तीसेक मिनिटं मागे चालतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नाशिकला सूर्य सातच्या नंतर उगवतो, मध्य जानेवारीत तर सव्वासातच्या जरा आधी. त्याच दिवशी कोलकात्यात पाऊण-एक तास आधीच उजाडलेलं असतं. सातच्या शाळेची आपली मुलं या दोन महिन्यांत पहिल्या तासाला बसतात तेव्हा सूर्य क्षितिजाच्या वर आलेला नसतो. व्हॅन सव्वासहाला येते, म्हणजे मूल साडेपाचला उठलेलं. इंदिरानगर, सिडको, सातपूर, आडगाव नाका, कुठेही जानेवारीत सकाळी सहाला बाहेर पडून बघा. कानटोप्या घातलेली, दप्तरावर डोकं टेकून पेंगणारी मुलं रिक्षात दाटीने बसलेली असतात. त्यात ही थंडी नाशिकची, शेजारच्या निफाडला पारा एक आकडी होतो ती. सकाळचा उजेड डोळ्यांत पडला की घड्याळ मागे यायला मदत होते. आपण त्यांना तो उजेडही मिळू देत नाही.

रात्रीचं दुसरं टोक क्लासवाल्यांच्या हातात आहे. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवर रात्री नऊलाही दुचाकींची रांग लागलेली असते. घरी येऊन जेवण, शाळेचा गृहपाठ, क्लासचा सराव, मग थोडा फोन. बारा. बारा ते साडेपाच म्हणजे साडेपाच तास. गरज किमान आठची. रोजची अडीच तासांची तूट आठवड्यातून सहा दिवस, आणि ती मूल रविवारी अकरापर्यंत झोपून फेडू बघतं. त्याने सोमवार आणखी जड जातो. सकाळी तोडलेली झोप नुसती कमी होत नाही, तिचा शेवटचा भाग तुटतो, आणि स्वप्नांची झोप सगळ्यात जास्त याच शेवटच्या भागात असते. दिवसभर शिकलेलं पक्कं करायला आणि मनातले चढउतार शांत करायला ती लागते. किशोरवयात सतत कमी झोप झाली की लक्ष लागत नाही, चिडचिड, उदासी वाढते, आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांशीही तिचा संबंध दिसलेला आहे. समुपदेशक नेमण्याआधी वेळापत्रक बघा, असं मी म्हणते ते यासाठी.

दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागायतदार पालक तुमच्याकडे असतील, त्यांना ही गोष्ट पटवायला पाच मिनिटं लागणार नाहीत. मणी कोणत्या मापाला आला आहे ते बघूनच डिपिंग करायचं, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायचे, छाटणीनंतर अमुक दिवस झाले म्हणून डोळे मिटून नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. मुलांच्या बाबतीत आपण पाचवी ते बारावी एकच बाग धरतो.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत, त्यातल्या काही खऱ्या आहेत. इमारत एकच आहे आणि दुसरी उद्या उभी राहणार नाही. अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारे वडील जाता जाता मुलाला सोडतात, शाळा उशिरा भरली तर सोडणार कोण? दुपारचं सत्र सहाला सुटलं तर डिसेंबरात मुली अंधारात घरी जातील. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो, पण मग पहाटे सव्वासहाच्या अंधाराबद्दल कोणी का बोलत नाही, हेही विचारावंसं वाटतं. संध्याकाळी सहाला रस्त्यावर दुकानं उघडी असतात, माणसं असतात. पहाटे कुत्री असतात.

काही अडचणी मात्र सवयीच्या आहेत. सकाळचं सत्र उरकलं की दुपार मोकळी मिळते, ती शिक्षकांना आवडते. मलाही आवडायची. क्लासवाल्यांना ती हवी असते. आणि परंपरेचा दाखला तर तयारच असतो: लवकर निजे, लवकर उठे, तया ज्ञान, संपत्ती, आरोग्य भेटे. यातलं "लवकर निजे" आपण केव्हाच सोडून दिलं. विजेचे दिवे नसलेल्या घरात दिवेलागणीनंतर दोन तासांत सगळं घर झोपायचं, त्या घराचा हा नियम आहे.

उशिरा शाळा भरवली तर मुलं तेवढीच उशिरा झोपतील, हाही आक्षेप येतो. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. मनगटावरच्या यंत्रांनी आधी आणि नंतर झोप मोजली गेली. मुलं सरासरी ३४ मिनिटं जास्त झोपली, उशिरापर्यंत जागली नाहीत. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये कायदा झाला आणि जुलै २०२२ पासून तिथल्या बहुतेक हायस्कूलना साडेआठच्या आधी भरता येत नाही. फ्लोरिडाने २०२३ मध्ये असाच कायदा केला आणि बसगाड्यांचं गणित जमेना म्हणून २०२५ मध्ये मागे घेतला, हेही सांगते. गाड्यांचं गणित खरोखरच अवघड असतं. म्हणूनच ते जूनच्या पहिल्या आठवड्यात न करता आत्ता करायला हवं.

आणि ज्या परीक्षेच्या नावाने हे सगळं चालतं, ती कधी असते? दहावी-बारावीच्या बोर्डाचा पेपर सकाळी अकराला. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दुपारी दोनला. सातला पेपर ठेवावा असं बोर्डालाही कधी वाटलेलं नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. ज्यांना दोन सत्रं टाळता येत नाहीत त्यांनी सकाळी पाचवी ते सातवी बसवावी आणि आठवीपासून पुढचे वर्ग दुपारी न्यावेत. सहावी-सातवीतल्या काही मुलींचं घड्याळ तोवर सरकायला लागलेलं असेल, त्यांच्यावर थोडा अन्याय होईल, पण नववी-दहावीच्या चारशे मुलांवर होतो त्यापेक्षा कमी. एकसत्री शाळांना तर काहीच अडचण नाही, साडेआठच्या आधी घंटा वाजवू नये इतकंच. कनिष्ठ महाविद्यालयांनी सातचे तास का ठेवले आहेत याचं उत्तर मला आजवर क्लासच्या वेळांपलीकडे मिळालेलं नाही. प्राचार्यांनी ते एकदा मोकळेपणाने पालकांसमोर मांडावं. अकरावी-बारावीची मुलं अर्धवट झोपेत दुचाकीवरून येतात, हे तुमच्या गेटवरचा शिपाईसुद्धा सांगेल.

हेही जमत नसेल, तर निदान १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी हिवाळी वेळ लावा, घंटा पाऊण तास उशिरा. उन्हाळ्यात मार्च-एप्रिलला आपण सकाळची शाळा करतोच ना, मग थंडीत बदल करायला कोणता नियम आडवा येतो? पहिल्या तासाला गणित आणि घटक चाचणी ठेवू नका. परिपाठ आणि शारीरिक शिक्षण मैदानावर उजेडात घ्या. दहावीचे पहाटे सहाचे जादा तास बंद करा, ते भूषण म्हणून फलकावर लिहिण्यासारखे नाहीत. उशिरा आलेल्या मुलाला गेटबाहेर उभं करण्याची शिक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत तरी करू नका.

क्लासचालकांना मी वेगळं लिहिणार आहे. रात्री आठनंतर पंधरा वर्षांच्या मुलाला बाकावर बसवू नये, एवढंच ते पत्र असेल. पालकांनाही सांगायचं आहे की फोन रात्री दहाला स्वयंपाकघरात ठेवायचा, आपला धरून.

सिंहस्थासाठी सध्या अख्खं नाशिक नव्याने मांडलं जातंय, रस्ते, घाट, वाहनतळ, सगळं. २०२७ मध्ये पर्वणीच्या दिवसांत शाळेच्या गाड्यांच्या वाटा आणि वेळा तुम्हाला नाहीतरी बदलाव्याच लागतील. व्हॅनवाल्यांची आणि सिटीलिंक या शहर बससेवेची बैठक त्यासाठी होईल तेव्हा हा विषयही त्याच टेबलावर घ्या. वेगळी बैठक लागणार नाही.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे सत्र बदलाचा प्रस्ताव द्यायचा तर तो एप्रिलमध्ये जायला हवा. त्याआधी एक काम तुम्हाला याच आठवड्यात करता येईल. नववीच्या एका वर्गाला कागदाच्या चिठ्ठीवर नाव न घालता दोनच गोष्टी लिहायला सांगा: काल किती वाजता झोपलात, आज किती वाजता उठलात. त्या चिठ्ठ्यांची बेरीज करून पुढच्या शालेय समितीच्या सभेत ठेवा. हवं तर मी येऊन बेरीज करून देते.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
पंचवटी, नाशिक